थांबलेल्या चित्रातले पक्षी

सोमवारी सकाळी बारकीला पहिल्यांदा वाटलं, की फिल्म लुकलुकतेय.

फिल्म एका होडीची होती. बंदराच्या टोकाला पत्र्याची एक उंच शेड होती आणि तिच्यात एक म्हातारे मिस्त्री मोठी लाकडी होडी बांधत होते. गुडघे कुरकुरत होते, एवढं मोठं काम पुन्हा हातून होणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्यांच्या मुलीने बारकीला गाठलं. बारकीने शेडच्या तुळईला कॅमेरा पक्का आवळला, आणि त्रेचाळीस दिवस, रोज दहा तास, दर दहा मिनिटांनी कॅमेरा आपला आपण फोटो काढत राहिला.

एका वेळी एका फोटोने भागणारं नव्हतं. शेडच्या आत भर दुपारी दिवा लावावा असा अंधार, आणि समोरच्या सताड उघड्या दारातून दिसणारं आभाळ डोळे दिपवणारं. आतली होडी नीट टिपावी तर दार म्हणजे नुसती पांढरी चादर. आभाळ टिपावं तर होडी काळोखात बुडालेली. म्हणून कॅमेरा दर वेळी लागोपाठ पाच फोटो काढायचा. पहिला जवळजवळ काळा, शेवटचा भगभगीत, मधले तीन चढत्या उजेडाचे. मग कॉम्प्युटरवर त्या पाचांतला ज्याचा जो भाग चांगला तो घेऊन एक चित्र करायचं. दोन हजार पाचशे ऐंशी क्षण, बारा हजार नऊशे फोटो, आणि त्यातून शेवटी निघणार होती एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांची फिल्म. डोंगर पोखरून उंदीर, असं तिची आत्या म्हणायची.

ढोबळ जुळवणी मशीन करतं. पण पाच फोटो निघेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात वाकलेले मिस्त्री उभे राहतात, आणि जुळवलेल्या चित्रात एकाच्या जागी दोन मिस्त्री दिसतात, एक भरीव आणि एक आरपार दिसणारा. धंद्यात त्याला भूतच म्हणतात. अशी भुतं एकेक करून हाताने काढावी लागतात. शिवाय एका चित्राचा उजेड शेजारच्या चित्राशी जुळला नाही, तर फिल्म चालू केल्यावर बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकते. शनिवारी होडी पाण्यात उतरायची होती आणि त्याच संध्याकाळी शेडच्या भिंतीवर फिल्म दाखवायची होती. लुकलुक परवडणारी नव्हती.

स्क्रीनच्या उजव्या कडेला एक बारीक चमक येऊन गेली. बारकीने उजेडाचा आलेख उघडून पाहिला. रेषा सपाट होती. तरी तिने सगळी चित्रं पुन्हा एकदा समतोल करायला लावली, त्यात दुपार गेली, आणि फिल्म चालवल्यावर त्याच कडेला पुन्हा चमक आली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून ती दाराकडे वळली तेव्हाही एकदा आली. रस्त्यावरून एखाद्या गाडीच्या काचेचा कवडसा आला असेल, असं तिने ठरवून टाकलं.

बारकी चौतीस वर्षांची होती. भावंडांत सगळ्यात लहान म्हणून हे नाव पडलं, ते उंची वाढली तरी सुटलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिची आत्या अशा दोघीच राहायच्या. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी बोलणं तसंच राहिलं होतं, एकेक शब्द सुटा, पलीकडच्याला पुन्हा विचारायची गरज पडू नये असा.

आत्याचा भाऊ, म्हणजे बारकीचे बाबा, घड्याळजी होते. घरात सगळ्यांनाच जाड भिंगाचे चष्मे. बारकी अठरा वर्षांची असताना बाबांच्या एका डोळ्यात सावली आली. डोळ्याला लावायचं भिंगच मळलंय असं समजून ते पंधरा दिवस ते भिंग पुसत बसले. दवाखान्यात गेले तेव्हा डोळ्याचा पडदा पूर्ण सुटला होता. चार वर्षांनी दुसराही गेला. त्यानंतर ते घड्याळ कानाशी धरून बसायचे, आणि चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायचे. आधी चमका येतात, मग ठिपके येतात, मग सावली येते, हा क्रम बारकीला तोंडपाठ होता. म्हणूनच सोमवारी तिने काही म्हणजे काही ओळखलं नाही.

मंगळवारी पक्षी दिसले.

अठ्ठाविसाव्या दिवसाची चित्रं ती तपासत होती. शेडच्या दारातून दिसणाऱ्या आभाळात चार-पाच काळे ठिपके होते. बंदरात समुद्रपक्षी असतातच, त्यांना ती आजवर हात लावत नव्हती. पण हे ठिपके एका चित्रातून दुसऱ्या चित्रात गेलं तरी हटेनात. म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धूळ असणार. तिने पाचांतला सगळ्यात उजळ फोटो उघडला. पांढऱ्याफटक आभाळावर ठिपके आणखी ठळक होते. ब्रश घेऊन तिने एक पुसला. तो पुसला जाईना. ती चिडली, आणि ठिपके जातात कुठे ते बघावं म्हणून फिल्म चालू केली, चार सेकंदांनी बटण दाबून थांबवली.

चित्र थांबलं. पक्षी थांबले नाहीत.

ते सावकाश खाली तरंगत आले. बारकीने डावीकडे पाहिलं, तेही डावीकडे सरकले, क्षणभर उशिराने, पाणी ढवळल्यावर गाळ सरकतो तसे. तिने स्क्रीनवरून नजर काढून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरही ते होतेच.

तिने स्क्रीन बंद केली आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिली. आत्याने जेवायला हाक मारली तेव्हा उठली, जेवली, काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, डावा डोळा झाकला आणि एकट्या उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. तिला इतकं हायसं वाटलं, की ती तिथेच बादलीवर टेकली. पण अर्ध्या तासात ते हायसं वाटणं विरून गेलं आणि ती पुन्हा आत गेली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला आत्याने बाहेरून विचारलं, पोट बिघडलंय का. बारकी हो म्हणाली.

चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरने तिला सांगितलं होतं, की जाड नंबरवाल्यांना असे ठिपके दिसतातच, घाबरू नका. ते वाक्य तिने दिवसभर मनात घोळवलं. चमका आणि ठिपके एकदम आले तर हातातला चहासुद्धा संपवत बसू नका, असंही तोच डॉक्टर त्याच वेळी म्हणाला होता. ते आठवायला लागलं, की ती उठून काहीतरी कामाला लागायची. शनिवारी फिल्म द्यायची, सोमवारी डोळा दाखवून यायचं, असा तिने स्वतःशी करार केला. रात्री डोळे मिटले तरी कडेला चमक येत होती. मिटलेल्या डोळ्यात गाडीचा कवडसा कुठून येणार?

बुधवारी उठल्या उठल्या, चूळही न भरता ती कॉम्प्युटरपुढे बसली. थांबलेलं चित्र समोर होतं. डाव्या हाताने डावा डोळा झाकून तिने होडीच्या पुढच्या टोकावर नजर रोखली.

चित्राच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात मिस्त्रींचं स्टूल होतं. रोज त्यावर त्यांचा डबा असायचा. आज तिथे स्टूल नव्हतं, डबा नव्हता. त्या जागी राखाडी, तपकिरी, कशाचाच नाही असा रंग होता.

फाइल खराब झाली, हाच पहिला विचार तिच्या मनात आला. आणि तो मनापासून आला. तिने हात काढला, स्टूल होतं. डोळा झाकला, गेलं. दुसरं चित्र उघडलं, तिसरं उघडलं, प्रत्येकात तेच. तेव्हा भिंतीला धरून ती गॅलरीपर्यंत गेली. आत्या कपडे वाळत घालत होती.

"आत्या, माझ्या उजव्या डोळ्यात खालून सावली आलीय," ती म्हणाली.

आत्याच्या हातात ओली चादर होती. ती तिने परत बादलीत ठेवली.

"कधीपासून?"

"आत्ता. पण दोन दिवस आधी..."

"पुरे. भिंतीला टेकून बस. मान हलवू नकोस."

पुढचं आत्याने फोनवर केलं. तिने आयुष्यभर परक्यांचे फोन जोडून दिले होते. आता घरच्यासाठी जोडला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या स्वागतकक्षाने पुढच्या आठवड्याची वेळ देऊ केली. आत्याने आवाज न चढवता त्यांच्याकडून आतला नंबर घेतला, आतल्या माणसाकडून ऑपरेशन थिएटरचा, आणि चार-पाच मिनिटांत डॉक्टरांच्या मदतनीस सिस्टरशी बोलत होती. निरोप आला: काही खायचं नाही, पाणीही नाही, उजव्या कुशीवर झोपवून आणा, धक्के लागू देऊ नका, लगेच निघा.

टॅक्सीवाल्याला आत्या म्हणाली, मागे काचेचं सामान आहे असं समजून चालवा. त्याने मागे वळून पाहिलं. सीटवर एक बाई आडवी झाली होती, सामान काही दिसत नव्हतं. "आहे," आत्या म्हणाली, आणि बारकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

तो मुळात वीस मिनिटांचा रस्ता. प्रत्येक गतिरोधकाला बारकीला वाटायचं, आत काहीतरी ओल धरलेल्या भिंतीच्या कागदासारखं आणखी थोडं सुटलं. दुसरा डोळाही याच नंबरचा, याच घरातला. बाबांना निदान कान होते, घड्याळ ऐकू तरी यायचं. फोटो कानाशी धरून काय ऐकणार? तिने आत्याच्या साडीचा काठ मुठीत धरला होता. आत्या वळण आलं की आधी सांगायची, "आता डावीकडे," आणि मग टॅक्सी डावीकडे वळायची.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवून ठेवलं. समोरच्या भिंतीत खिडकी होती आणि खिडकीखाली सहा खुर्च्या. बारकीने डावा डोळा झाकून खिडकीच्या मध्यावर नजर लावली. डावीकडची पहिली खुर्ची दिसत नव्हती, ती रिकामीच होती. दुसऱ्या खुर्चीवर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने पुन्हा पाहिलं. गृहस्थ नव्हते. दुसरी खुर्चीही नव्हती. पण वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला, अगदी तिथूनच. बारकीने झटकन हात काढला. गृहस्थ पान उलटून पुढचं वाचत होते.

"आत्या, वाढतंय," ती म्हणाली.

आत्या उठली, काउंटरपाशी गेली, परत आली. तिथे काय बोलली ते बारकीला कळलं नाही, पण तिचं नाव पुढचंच पुकारलं गेलं.

डॉक्टर बाई ठेंगण्या होत्या आणि हाताने जितक्या चपळ तितक्याच तोंडाने. डोळ्यात प्रकाश टाकून बघता बघताच त्या बोलत होत्या. डोळ्यात पडदा असतो, त्याला वरच्या बाजूला भोक पडलंय. त्यातून पाणी मागे शिरतंय आणि पडदा सुटत खाली येतोय. डोळ्यात सगळं उलटं उमटतं, म्हणून वर सुटलं की सावली खालून दिसते.

"मधला भाग, ज्याने तुम्ही वाचता, तो अजून चिकटलेला आहे," त्या म्हणाल्या. "तो सुटायच्या आत मला आत शिरायचंय. आज दुपारी."

बारकीने विचारलं, दिसेल ना?

"थांबून शुक्रवारी आला असतात तर मी नाही म्हणाले असते. आज काहीच म्हणत नाही."

सोमवारी येणार होते, हे बारकीने त्यांना सांगितलं नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन नव्हतं. डोळ्याशेजारी सुई टोचून तेवढा डोळा बधिर केला, चेहऱ्यावर कापड घातलं आणि तेवढी जागा उघडी ठेवली. एका नर्सने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, घाबरलात तर हात दाबा, बोलू नका, मान हलवू नका. थोड्या वेळाने उजव्या डोळ्यातला उजेड गेला. मंद झाला नाही, गेलाच. बारकीने नर्सचा हात दाबला. नर्स म्हणाली, औषधाने होतं असं, येईल परत. तो परत येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. आणि आला तेव्हा त्यात एका बारीक काडीची सावली होती. ती काडी तिच्या डोळ्याच्या आत होती. ती हलत होती, टोकाशी काहीतरी खुडत होती, आणि काहीही दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते तिला त्या दीड तासात कळलं. फरक इतकाच, की मूठ नर्सची होती. बाहेर आल्यावर नर्स बोटं मोकळी करत होती.

डोळ्यात हवेसारखा एक वायू भरला होता. त्याचा फुगा पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणून सात दिवस मान खाली. तासातली पन्नास मिनिटं जमिनीकडे तोंड, दहा मिनिटं सुट्टी, झोपायचं तेही पालथं. आत्याने दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून मध्ये उशी बांधली. त्या उशीच्या खाचेत कपाळ टेकवून बारकी बसली, की डाव्या डोळ्याला साडेतीन फरशा आणि येणारी-जाणारी पावलं दिसायची.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. बारकीला वाटलं होतं, काहीतरी दिसेल. नुसता राखाडी, थरथरता उजेड होता. डॉक्टर बाईंनी डोळ्यापुढे हात हलवला तेव्हा त्यात काहीतरी हललं, एवढंच. ती रडायला लागली तर त्या रडूही नका म्हणाल्या. फुगा आहे तोवर पाण्याखालून बघितल्यासारखंच दिसणार. तो जिरायला दोन-तीन आठवडे लागतात. खाली काय शिल्लक राहिलंय ते तेव्हाच कळेल.

"आणि तोवर?" आत्याने विचारलं.

"तोवर वाट बघायची."

घरी परतताना बारकीने आत्याला सांगितलं, मिस्त्रींच्या मुलीला फोन कर आणि फिल्म होणार नाही म्हणून कळव. आत्याने विचारलं, राहिलंय किती. सदतीस भुतं राहिली होती, बाकी सगळं झालं होतं. आत्याने फोन केला नाही. जेवण आटोपल्यावर तिने चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

"एकतीस वर्षं बटणंच दाबलीत मी," ती म्हणाली. "तू सांग, मी दाबते."

मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. बारकी फरशीशी बोलायची आणि आत्या स्क्रीनवर करायची. आत्याला उजेडाचे आकडे कळत नव्हते, तिने पाच फोटोंना आपली नावं ठेवली: काळोख, संध्याकाळ, बरा, ऊन आणि पीठ. "बरामध्ये मिस्त्री वाकलेत. ऊनमध्ये उठलेत. पीठमध्ये अर्धे गायब आहेत, हात तेवढा आहे," असं ती सुट्या शब्दांत वाचून दाखवायची. बारकी विचारायची, रंधा कुठल्यात स्पष्ट आहे? चेहरा कुठल्यात? कधी आत्या म्हणायची, थांबा, जोडून देते, आणि मग आपणच जीभ चावायची. एकेका भुताला सुरुवातीला अर्धा तास लागला. संध्याकाळपर्यंत तो वेळ दहा मिनिटांवर आला.

त्या वेळात बारकीची भीती कमी झाली असं नाही. ती उशीत तोंड खुपसून उजव्या डोळ्यातला राखाडी रंग निरखत असायची, कालच्यापेक्षा गडद तर नाही ना. कधी आत्याचं वाक्य ऐकूच यायचं नाही. आत्या ते पुन्हा म्हणायची, तितक्याच सुट्या शब्दांत.

शुक्रवारी दुपारी पंचविसाव्या भुतापाशी आत्या थांबली.

"मी सोमवारपासून बघत होते," ती म्हणाली.

बारकीने विचारलं, काय.

"दारातून येताना तू उजवीकडे दचकत होतीस. मंगळवारी चारदा बाथरूममध्ये गेलीस. पोट नाहीये ते मला माहीत होतं. दादाला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तर तो भडकला, पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि त्या पंधरा दिवसांतच सगळं झालं. मला वाटलं, तुला विचारलं तर तूही कडी लावून घेशील, मग मला काहीच दिसणार नाही. भीती वाटली, बारके. दुसरं काही कारण नाही."

बारकीला आत्याचा चेहरा दिसत नव्हता. पावलं दिसत होती. बोटं चपलेत आवळून घेतली होती, नखं पांढरी पडली होती. बारकीला आधी राग आला, चांगलाच. एक अख्खा दिवस, नाही, दोन. त्या दोन दिवसांत पडदा किती सुटला असेल? मग तिच्या लक्षात आलं, की तेवढ्याच दिवसांचा राग तिला आणखी एका माणसावर करता येईल, आणि ते माणूस उशीत कपाळ टेकवून बसलंय.

"मीपण वाटच बघत होते," ती म्हणाली.

आत्याने नाक ओढलं. मग तिने विचारलं, पुढचं घेऊ का. बारकी घे म्हणाली.

शनिवारी सकाळी फिल्म गेली. मिस्त्रींच्या मुलीने आत्याला तरी या म्हणून आग्रह केला, पण आत्या हलली नाही. संध्याकाळी तिकडून फोन आला. आत्या फरशीवर बसली आणि फोन बारकीच्या तोंडाखाली धरला. शेडमध्ये बरीच माणसं जमलेली असावीत, खुर्च्या सरकत होत्या, कोणी खोकत होतं. मग फिल्म सुरू झाली असणार, कारण सगळं शांत झालं. ती शांतता चांगली लांब होती. मध्येच एकदम हशा पिकला आणि पुन्हा शांत झालं. बारकीला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

नंतर मिस्त्री स्वतः बोलले. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, ते ओरडूनच बोलायचे. म्हणाले, सगळं झकास आहे, होडी वाढताना बघून माझा मलाच विश्वास बसेना. फक्त एका ठिकाणी मी दोन आहे. एक मी रंधा मारतोय आणि दुसरा मी मागे कमरेवर हात ठेवून बघतोय.

"पोरी, पन्नास वर्षं मी मदतनीस मागत होतो," ते म्हणाले. "तू दिलास. राहू दे त्याला."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. सदतीस मोजले होते, तीनदा मोजले होते, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. बारकीला हसू फुटलं, आणि हसण्याने डोळ्याला धक्का बसेल या धास्तीने तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खांदे तेवढे हलत राहिले.

फुगा पुढच्या आठवड्यापासून जिरायला लागला. त्याची कड डोळ्यात वरून खाली उतरणाऱ्या पाण्याच्या रेषेसारखी दिसायची, आणि रेषेच्या वर जग परत येत होतं. आधी छत, मग दाराची चौकट, मग आत्याचे पांढरे केस. रोज सकाळी रेषा कुठवर आलीय ते बघायला बारकी घाबरायची, कारण रेषा उतरेल आणि तिच्या वर काहीच नसेल, असं तिला आदल्या रात्री स्वप्नात दिसलेलं असायचं. अठराव्या दिवशी फुग्याचा टिकलीएवढा बुडबुडा राहिला आणि दुसऱ्या दिवशी तोही गेला.

वाचता येत होतं. अक्षरं थोडी वाकडी दिसायची, होडीच्या फळ्यांकडे त्या डोळ्याने पाहिलं तर मध्ये एक हलकी लाट यायची, आणि खालचा डावा कोपरा कायम जरा अंधुक राहिला. डॉक्टर बाई म्हणाल्या, अपेक्षेपेक्षा चांगलं आहे. डाव्या डोळ्यातही पडद्याच्या दोन जागा विरलेल्या सापडल्या. त्या त्यांनी लेझरने टाचून टाकल्या. पुन्हा होणार नाही असं वचन त्या काही देईनात. वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, घरात असा चष्मा आणखी कोणाला आहे. बारकीने काही सांगायच्या आत त्यांची नजर आत्याच्या जाड भिंगांवर गेली होती.

आत्याने बरीच कारणं दिली. वय झालं, आता काय बघायचंय. मला काही चमकत नाही. आज घरी काम आहे. मग बारकीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

आता बाहेरच्या खुर्चीवर बारकी बसली. मांडीवर आत्याची पिशवी, पिशवीवर आत्याचा चष्मा. आत दार लावून घेतलेलं. दहा मिनिटं म्हणाले होते, पंचवीस झाली. स्वतःच्या वेळी सांगायला निदान सावली तरी होती. या बंद दाराकडे बघून काहीच कळत नव्हतं. चष्म्याची काच तिने पदराच्या टोकाने पुसली. पुसलेलीच होती. पुन्हा पुसली.

आत्या बाहेर आली ती काळा चष्मा लावून, हात पुढे करून. तिच्याही एका डोळ्यात एक जागा विरलेली निघाली होती. तिला कसलाही पत्ता नव्हता. लेझर लगेच करून टाकलं होतं. थेंबांमुळे तिला सगळं धुक्यासारखं दिसत होतं आणि उजेड सोसवत नव्हता.

"सापडलं ते बरं झालं," बारकी म्हणाली.

"घाबरले होते मी," आत्या म्हणाली.

बारकीने तिचा दंड धरला. जिना उतरताना आत्या प्रत्येक पायरीला पाय चाचपडत होती आणि बारकी तिच्या आधी एक पायरी उतरून सांगत होती. दोघीही फार हळू उतरत होत्या. मागून येणारी माणसं थोडा वेळ थांबली आणि मग बाजूने निघून गेली.

"संपल्या का?" आत्याने विचारलं.

"अजून दोन आहेत."